नावानं हाक मारल्याशिवाय

मिरजोळे, रत्नागिरी
१२ ऑगस्ट १९९८

श्रीमती मालनबाई यांस नमस्कार.

पत्राच्या तळाशी सही आहे ती आधी बघून घे, म्हणजे पुढचं वाचायचं की बंबात घालायचं ते तुला ठरवता येईल. सत्तावन्न वर्षांनी लिहितो आहे. वर मालनबाई लिहिलं आणि खाली अरेतुरे करतो आहे याबद्दल माफी असावी, दुसरं काही हाताला वळत नाही.

मी बरा आहे. म्हणजे तसाच आहे. पंचविशीपुढे आमच्या घराण्यात वय चढत नाही, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, 'म्हणजे लग्नाच्या फोटोत मीच थोरली दिसणार.' फोटोची चिंता नको होती. गेल्या वर्षी मतदार ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेलो तर त्यात नुसता सदरा आला, वरती कोणी नाही. फोटोवाला माझ्यावरच चिडला, म्हणाला, हललात तुम्ही.

सध्या श्रावण पाळतो आहे, त्यामुळे अक्षर थोडं कापेल. एरवी इथले मुसाभाई खाटीक मला डबाभर रक्त देतात. त्यांच्यात ते खात नाहीत, टाकूनच द्यायचं असतं. कशाला हवं असं त्यांनी कधी विचारलं नाही. बहुतेक त्यांना वाटतं मी गुलाबाला घालतो. लोक रक्ती परतून खातात, आम्ही न परतता पितो, एवढ्याशा फरकावरून जगानं आमचं केवढं नाव खराब करून ठेवलं आहे! माणसाला मी जन्मात दात लावला नाही, हेही तुला माहीत आहे. तर श्रावणात तो डबाही बंद. चिमाआत्या महिनाभर कोकम सरबतावर काढते. ग्लास उजेडाला धरून रंगाकडे बघत बसते आणि मग उसासा टाकून पिते. तिला आता दोनशे बारावं लागलं.

नोकरी चांगली आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या कारखान्यात, बर्फाच्या गोदामात. उणे अठरा अंशात मला काही होत नाही म्हणून साहेब खूश असतात. दिवसा मागच्या खोलीत झोपतो, खिडकीला गोणपाट लावून. झोपेत मला तुमची सुपारीची वाडी दिसते. पाटाचं पाणी झाडाझाडाच्या आळ्यात शिरत असतं आणि वर पोफळींच्या शेंड्यांवर एक पिवळा उजेड असतो. तो उजेड मी जागेपणी कधी बघितलेला नाही. सकाळचा असावा.

आता कामाचं लिहितो. तुमच्या गुहागरच्या वरच्या पाट वस्तीतला रामा मासळीचा ट्रक घेऊन आमच्याकडे येतो. त्याच्याकडून कळलं की तुझा भाचा दीपक दिवाळीला मुंबईहून येणार आणि तुला कायमची घेऊन जाणार, घराला कुलूप लागणार. मुंबईच्या चौथ्या मजल्यावरच्या दारात मी काही उभा राहू शकत नाही. म्हणून त्याआधी एकदा येईन म्हणतो. मी अंगणात उभा राहीन, तू मला एकदा नावानं हाक मार. आमची रीत तुला माहीत आहे. घरच्या माणसानं नावानं हाक मारल्याशिवाय आम्हाला उंबरा ओलांडता येत नाही. एकदा आत येईन, पाणी पिईन, तुला उजेडात बघेन आणि जाईन. त्या रात्री तू हाक का मारली नाहीस तेही सांगितलंस तर बरं होईल, नाही सांगितलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी विचारणार नाही.

तुझ्या यजमानांबद्दल रामाकडून कळलं. बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत म्हणे. वाईट वाटलं. श्रावणात खोटं लिहू नये म्हणून लिहितो, थोडं बरंही वाटलं.

त्या रात्रीनंतर मी गुहागरकडे कधी फिरकलो नाही.

केरू


मिरजोळे
३ सप्टेंबर १९९८

मालनबाई,

पोस्टकार्ड मिळालं. मी चार पानी पाकीट पाठवलं आणि तू पोस्टकार्ड! पोस्टमननं वाचलं, कारखान्याच्या वॉचमननं वाचलं, त्यानं टेबलावर ठेवलं तिथे निम्म्या शिफ्टनं वाचलं, मग माझ्या हाती आलं. आणि वाचून कोणाचंच काही बिघडलं नाही, कारण त्यात आहे काय? 'पत्र पोचले. प्रकृती ठीक आहे. त्या रात्री बोलावले नाही असे म्हणणे बरोबर नाही. बोलावले होते. का कळले नाही ते एखाद्या संसारी बाईला विचारावे.' संपलं. वर मायना नाही. माझं नाव म्हणून कार्डावर कुठे नाही. पत्त्यावर आहे ते रामाच्या अक्षरात. तेवढंसुद्धा तुझ्यानं लिहवलं नाही.

बोलावलं होतंस? मग ऐक. तू विसरली असशील, मला विसरायला झालेलं नाही.

तुझ्या वडिलांनी मला वाडीच्या राखणीला ठेवलं त्याला दोन वर्षं झाली होती. रात्रीचा राखणदार मिळतो आणि तो झोपत नाही याचं त्यांना फार कौतुक होतं. तू विहिरीच्या पायरीवर येऊन बसायचीस. मी तुला सगळं सांगितलं होतं, आमचं पिणंसुद्धा. तू एवढंच विचारलंस की भांडी कशानं घासता. आमचा मूळपुरुष परदेशी उमराव होता, फुटलेल्या जहाजातून बुरोंडीच्या किनाऱ्याला लागला आणि नावानं बोलावल्याशिवाय कुठल्या घरात शिरायचं नाही हा त्याला मिळालेला शाप आम्हा सगळ्यांना चिकटला, हेही मी ऐटीत सांगितलं. त्यावर तू इतकी हसलीस की वडील जागे झाले. तेव्हा तू मला सरळ केरू म्हणायचीस. 'केरू, मेल्या, उमरावाच्या पोटचा आणि लंगोटीला ठिगळ!' हे तुझे शब्द आहेत.

मग तुझ्यासाठी चिपळूणचं स्थळ आलं आणि आपण ठरवलं की मी रीतसर समोरच्या दारानं येईन, तू हाक मारशील, मी आत येऊन वडिलांच्या पाया पडेन आणि तुला मागेन. माघातली रात्र होती. तू कंदील घेऊन दारात आलीस. हिरवं लुगडं नेसली होतीस. मी अंगणात उभा. आणि तू म्हणालीस, 'अहो, या ना.'

मी म्हटलं, हाक मार. तू म्हणालीस, 'अहो, आत या ना.' मी परत म्हटलं, मालन, नावानं हाक मार. तू मान खाली घातलीस आणि तिसऱ्यांदा तेच. काल रात्रीपर्यंत केरू आणि आज अहो! तलाठी आला की त्याला म्हणतात तसं. मला एवढंच कळलं की तुझं मन फिरलं आहे आणि तू मला चांगल्या शब्दांत वाटेला लावते आहेस. आतून वडील खोकले. मी निघालो. तुमचा कुत्रा समुद्रापर्यंत माझ्याबरोबर आला.

आमच्यात बायका नवऱ्याला रोज नावानं हाक मारतात, हे तुला माहीत नसेल तर सांगतो. दिवेलागणीला आमची आई दारात उभी राहून बाबांच्या नावानं असा काही पुकारा करायची की चार घरांची गुरं परतायची. भांडण झालं की हाक नाही. एकदा बाबा नऊ दिवस अंगणात होते. म्हणून म्हणतो, जिला माणूस घरात हवा असतो ती नाव घेते. तू घेतलं नाहीस.

संसारी बाईला विचारायला माझ्या ओळखीत कोण आहे? आत्यानं लग्न केलं नाही, उमरावाच्या तोलामोलाचं स्थळ मिळालं नाही म्हणून. कारखान्यात कोलंबी सोलणारी गोदा आहे तेवढी. तिला विचारीन, पण तुझ्या समाधानासाठी.

केरू


मिरजोळे
१४ सप्टेंबर १९९८

मालन,

गोदाला विचारलं.

ती टेबलावर कोलंबी सोलत होती, मी बर्फ ओतायला गेलो होतो. मी म्हटलं, गोदाबाय, एखादी बाई काल नावानं हाक मारत होती आणि आज एकाएकी अहो म्हणायला लागली, तर तिचं मन फिरलं असं समजायचं ना? तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मन फिराला नाय, मन बसला. घोवाचा नाव बायको घेते काय कवा? माजा रेशनकार्ड करायला गेलंव तवा त्या सायबान इचारलान नवऱ्याचा नाव, तर मी शेजारनीला सांगितलंव, तू सांग गो बाय. तुज्या आवशीन तुला काय शिकवलानच नाय?"

मी म्हटलं, आमच्या आवशीनं उलटं शिकवलं.

"आनि ती बाय तशीच दारात उबी रवली? आनि तू गेलास?" गोदा म्हणाली. "जल्ला मेला तुजा लक्षन." मग तिनं माझ्याकडे बघितलं. हातातली सोललेली कोलंबी तिनं चुकून टरफलांत टाकली.

मी गोदामात गेलो आणि दार लावून घेतलं. आत धुकं असतं, दिवे त्यात पिवळे दिसतात. तिथे बर्फाच्या लाद्यांवर बसून मी सत्तावन्न वर्षं उलटी मोजत गेलो. आता तुला एक कबूल करायचं आहे. गुहागरकडे कधी फिरकलो नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं, श्रावणातलं असलं तरी. मी अकरा वेळा आलो. कुंपणापाशी उभा राहून गेलो. पहिल्यांदा आलो तेव्हा तू तुळशीला दिवा लावत होतीस आणि तुझ्या कपाळावर मोठं कुंकू होतं. मला वाटलं, झालं, चिपळूणचं स्थळ पसंत पडलं. मग तुझे केस पांढरे झाले, तू काठी घेतलीस, कुंकू तेवढंच राहिलं. मी दर वेळी त्या माणसाचा मत्सर करत परत आलो. घरात दुसरी चप्पल कधी दिसली नाही, दोरीवर धोतर नाही, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. अंधारात राहणाऱ्या माणसाकडून आणखी काय व्हायचं?

बोटीवर गेलेले तुझे यजमान कोण ते मला आज कळलं. मी कधी होडीतसुद्धा बसलेलो नाही, मला समुद्र लागतो.

मालन, मला फार वाईट वाटतं आहे. दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. तू तिथे होतीस, मी इथे होतो, मधे एक दिवसाचा रस्ता होता आणि मी रुसून बसलो होतो.

आणि आता नवीनच अडचण उभी राहिली आहे. मी काय मागतो आहे ते माझ्या लक्षात आलं. तू नाव घेऊन हाक मारलीस तर मी आत येईन, पण मग मी तुझा कोणी नाही. नाही मारलीस तर मी तुझा नवरा आहे आणि जन्मभर अंगणात आहे. काल झोपेत मी तुमच्या अंगणात होतो. तू दारात होतीस, कधी वीस वर्षांची, कधी आताची, आणि दोघी मिळून म्हणत होत्या, या ना. पायाखाली जमीन होती ती हळूहळू पाणी होत होती आणि मी तरंगत मागे मागे जात होतो. जाग आली तेव्हा गोणपाटाच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका हातावर पडला होता. भाजलं, पण मी हात लगेच काढला नाही.

तू हाक मारू नकोस. मी आत कसं यायचं ते बघतो. शाप आमच्या घराण्याचा आहे, तर त्याचा उतारा घराण्यातच कुठेतरी असेल. दिवाळीला पाच आठवडे आहेत.

तुझा
केरू


मिरजोळे
२१ सप्टेंबर १९९८

मालन,

काल सर्वपित्री होती. पितृपक्ष ही आमच्या घरातली मोठी पंचाईत असते, कारण आमचे बहुतेक पितर हयात आहेत. बाबा आणि आई झांजिबारला गेले त्याला ऐंशी वर्षं होतील, पण पत्र येतं. दरवर्षी पान वाढायचं ते एकट्या मूळपुरुषाला. तो माडावरून पडून गेला. वय चढत नाही म्हणजे माडावरून पडून चालतं असं नाही. आत्या पान वाढते, पण नाव मोठ्यानं घेत नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. उमरावांची नावं परकी असतात, तुला उच्चारता यायची नाहीत, असं मला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

काल मी पानापुढे जाऊन बसलो आणि म्हटलं, आत्या, आज नाव मला घ्यायचं आहे. कोणाच्या शापामुळे मी सत्तावन्न वर्षं बाहेर उभा आहे ते मला कळू दे.

आत्या म्हणाली, "मुकाट जेव."

मी म्हटलं, नाव सांगितल्याशिवाय पान उचलणार नाही. कावळा केव्हापासून भिंतीवर बसला होता, तोही खाली उतरेना. असा अर्धा तास गेला. खीर निवली. शेवटी आत्या पदरानं डोळे पुसायला लागली. दोनशे बारा वर्षांच्या बाईला रडताना बघणं सोपं नसतं, पण मी हललो नाही.

"धाकू," ती म्हणाली. "धाकू नाव हुता माज्या बापसाचा. झाला तुजा समाधान?"

मालन, जहाज नव्हतं. उमराव नव्हता. आत्याच्या पेटाऱ्यात उमरावाची तलवार आहे असं आम्ही समजत होतो, तो तिनं उघडला. आत जुन्या फडक्यात गुंडाळलेलं एक पोकळ शिंग होतं, टोकाला भोक पाडलेलं. आमचा मूळपुरुष धाकू बुरोंडीला तुंबड्या लावायचा. लोकांच्या पाठी दुखायच्या, गुडघे सुजायचे, हा जाऊन कातडीला चीर द्यायचा, शिंग लावून तोंडानं वाईट रक्त ओढायचा आणि थुंकायचा. एके दिवशी थुंकला नाही. एवढंच घडलं. भूक लागली होती, आत्या म्हणते. दुष्काळ होता.

"आनि तो शाप?" मी विचारलं. मीही तिच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

"कसला शाप? बापूस गावभर हिंडायचा, लोकांच्या माजघरात शिरायचा, बायामान्सांच्या पाठीला हात लावायचा. उद्या कोन बोलला अस्ता, न बोलावता शिरला, तर जित्ता सोडला नस्ता त्येला. म्हनून त्येनं रीत घातलान. दुखनाईतानं स्वता नाव घेवन बोलवल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय. चार मान्सांनी आयकायला हवा, धाकूला बोलवलाय म्हनून. आमी पोरांनी तीच रीत धरली."

मी म्हटलं, म्हणजे न बोलावता आत गेलं तर काय होतं?

आत्या विचारात पडली. "काय म्हायत," ती म्हणाली. "कोन गेलाच नाय कवा."

दोनशे वर्षं, मालन! दोनशे वर्षं आमच्या घराण्यात कोणी करूनच बघितलं नाही. बाबा नऊ दिवस पावसात भिजले, आम्ही पोरं खिडकीतून त्यांना भाकरी द्यायचो, आणि दार सताड उघडं होतं. मला हसू आलं, मग आत्यालाही आलं, मग ती परत रडायला लागली. उमरावाचं सोंग टिकवायला तिनं दोन-तीन चांगली स्थळं उगाचच घालवली होती. मी नाव घेऊन धाकूला हात जोडले. त्याच्या तोंडाला आलेली रक्ताची चव आणि त्याची भीती, दोन्ही माझ्याकडे आली आहेत. पहिलीची मला लाज वाटत नाही. दुसरीची वाटते.

दसऱ्याला येतो. रामाच्या ट्रकमधून, मागे रिकाम्या बर्फपेट्यांत बसून, ऊन उतरल्यावर पोचेन. तू दारात उभी राहा. काही बोलू नकोस, अहोसुद्धा नको. मी भितो आहे. उंबऱ्यावर माझी राख झाली तर रामाला सांग, आत्याला नीट समजावून सांगायचं. ती म्हणते, मालनला विचार, आमच्यात यायचंय काय, एका दातानं काम होईल. तिचा निरोप म्हणून लिहिलं. मी मागत नाही.

तुझाच
केरू


गुहागर, वरचा पाट
६ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप चिमाआत्याबाईंच्या चरणी सून मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली माझी भेट नाही. लग्नाला आपण नव्हता, तसे लग्नाला कोणीच नव्हते. माघातल्या त्या दिवशी दुपारी मी देवापुढे बसून कुंकू लावून घेतले आणि मनात धरले, तेच आमचे लग्न. ज्यांच्याशी झाले त्यांना पत्ता नव्हता. तरी वडीलधाऱ्या माणसाला कळवायला सत्तावन्न वर्षे उशीर झाला, पदरात घ्यावे.

हे सुखरूप पोचले. दसऱ्याच्या दिवशी तिन्हीसांजेला ट्रक वाडीपाशी थांबला. मी दारात उभी होते. हातात काठी होती, नाहीतर उभे राहवले नसते. अंगणातून चालत आले ते अगदी तसेच, भांग तस्साच, मीच मध्ये सगळे आयुष्य खर्चून बसलेली. मला एकदम माझ्या सुरकुत्यांची लाज वाटली आणि पदर तोंडाला लावला. तर हे म्हणाले, पदर काढ, मी एवढ्या लांबून उजेडात बघायला आलोय.

उंबऱ्याशी येऊन थांबले. डोळे गच्च मिटले. मला तोंडातून शब्द काढायचा नाही असे बजावलेले होते, मी ओठ दाबून धरले. आत्याबाई, तेवढ्या वेळात पोफळीतले वारे थांबले आणि सगळे घर पाण्यात बुडाल्यासारखे झाले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ह्यांनी उजवा पाय उचलला आणि आत ठेवला. काही झाले नाही. डावा ठेवला. पायपुसण्याला अडखळले, तेवढेच. डोळे उघडून भिंतीला हात लावून बघितला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "एवढंच?" आणि खाली बसून लहान मुलासारखे रडले. मी शेजारी बसले. गुडघे दुखतात त्यामुळे मला बसायला वेळ लागला, हे तोवर थांबले नाहीत, रडतच होते. मग मीही रडले. एवढेच होते, आत्याबाई. दोन पावले होती.

आता इथेच आहेत. दिवसा माजघरात झोपतात, तिथे काळोख असतो. संध्याकाळी वाडीला पाणी लावतात. काल कोजागिरीला आम्ही विहिरीच्या पायरीवर बसलो. मी दूध घेतले, ह्यांनी रामाने आणलेले आपले ते घेतले. ह्यांना सकाळ कशी असते ते बघायचे असते, म्हणून मी पहाटे उठून आतल्या खोलीच्या दाराशी बसते आणि बाहेर काय काय दिसते ते सांगते. आधी काय पिवळे होते, मग काय. ऐकता ऐकता झोपतात.

शेजारची गंगा हळद मागायला आली होती. ओसरीवर ह्यांना बघून तिने विचारले, "काकी, ह्यो कोन, दीपकचा पोरगा काय?" मी म्हटले, आमचे हे. ती हळद न घेताच गेली. आता सगळ्या पाटात झाले आहे की मालनकाकीचे डोके गेले. जाऊ दे. दीपकलाही कळवले आहे की मला न्यायला येऊ नको, माझ्या घरात माणूस आले आहे. तो घाबरून येईल, तेव्हा काय ते बघू.

आपण दाताचा निरोप पाठवलात. आपली माया कळली. पण आत्याबाई, माझ्या तोंडात एक दात उरलेला नाही, कवळी आहे. तुमच्या घराण्यात येऊन मी काय करणार? आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे. सत्त्याहत्तर वर्षे पुष्कळ झाली. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षे सांगितली आहेत, तेवढी ह्यांच्यासोबत काढते. तेवढी मला पुरतील. ह्यांना पुरणार नाहीत, ते मला ठाऊक आहे, म्हणूनच हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे.

मी गेल्यावर हे तुमच्याकडेच येतील. मिरजोळ्याला येतील आणि अंगणात उभे राहतील. आता उंबरा ओलांडता येतो हे कळलेले असले तरी उभे राहतील, मी ओळखते. तेव्हा तुम्ही दारात येऊन ह्यांना नावाने हाक मारा. मोठ्याने मारा, दोनदा मारा. एक तुमची, आणि एक माझ्यातर्फे, कारण मला ते नाव घेता आले नाही आणि आता ह्या जन्मी घ्यायचे नाही. मनात मात्र सगळा वेळ तेच होते.

आपली सून
मालन